कल्याणच्या पुढे: वालधुनी, बारवी आणि तीन गावांचा जुना हिशेब

कर्जत किंवा बदलापूर लोकल कल्याण सोडते, गर्दी थोडी सैल होते आणि सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये जातात. बाहेर पाहण्यासारखं काही नाही, असा एक पक्का समज आहे. विठ्ठलवाडी-उल्हासनगरच्या आसपास काळ्या पाण्याचा एक वास डब्यात शिरतो, तेवढ्यापुरतं कुणीतरी नाक मुरडतं. ‘नाला आला’, असं म्हणायची पद्धत आहे.

त्या नाल्याला नाव आहे. ती वालधुनी नदी. अंबरनाथच्या काकोळे गावाच्या वरच्या डोंगरात ती उगम पावते, जेमतेम तीसेक किलोमीटर वाहते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. एवढ्याशा नदीच्या काठावर साडेनऊशे वर्षांहून जुनं मंदिर आहे, इंग्रजांच्या रेल्वे कंपनीनं बांधलेलं धरण आहे, महायुद्धातली लष्करी छावणी आहे आणि राज्यातली एक जुनी औद्योगिक वसाहतही आहे. अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर ही नावं आपण ‘स्वस्त फ्लॅट कुठे मिळतो’ या यादीत वाचतो. पण हा मुळात जंगलाचा आणि खाडीचा मुलूख आहे, आणि त्याच्याकडून कुणी काय काय नेलं, याचा हिशेब बराच जुना आहे.

आधी नकाशा नीट बघू. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला आणि उघडा समुद्रकिनारा जवळजवळ सगळा त्याच्याकडे गेला. ठाण्याकडे सात तालुके उरले, त्यातले दोन म्हणजे उल्हासनगर आणि अंबरनाथ. बदलापूर अंबरनाथ तालुक्यातच येतं. समुद्र इथून दिसत नाही, तरी हा किनारपट्टीचाच भाग आहे. राजमाचीजवळच्या डोंगरांतून निघालेली उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते आणि तिथून पुढे तिची खाडी होते. भरतीचं पाणी कल्याणपर्यंत चढतं. म्हणून तर कल्याण हे बंदर होतं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांची नावं कोरलेली आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनातही या बंदराचा उल्लेख आहे. बंदर म्हटलं की त्याला मागून माल पुरवणारा मुलूख लागतो. लाकूड, भात, मध, चामडं, दगड. तो मुलूख म्हणजे ही खोरी.

जमिनीखालचा गाभारा

अंबरनाथ स्टेशनला पूर्वेकडे उतरून रिक्षानं शिवमंदिराला जाता येतं. पहिल्यांदा जाणारा थोडा गोंधळतो, कारण मंदिर उंच चौथऱ्यावर नाही, खळग्यात बसल्यासारखं आहे. बाहेरच्या भिंती इतक्या कोरलेल्या आहेत की सपाट दगड शोधावा लागतो. आत मात्र गाभाऱ्यात जायला पायऱ्या चढायच्या नसतात, उतरायच्या असतात. वीसेक पायऱ्या खाली गेल्यावर थंड, ओलसर अंधारात पिंडी आहे. डोक्यावरचं शिखर मोडलेलं आहे, त्यामुळे वरून उजेड येतो.

हे मंदिर उत्तर कोकणच्या शिलाहारांचं. त्यांची सत्ता ठाण्याभोवती होती आणि त्यांच्या लेखांत या प्रदेशाला चौदाशे गावांचं कोकण म्हटलेलं आहे. बांधकाम छित्तराजाच्या काळात सुरू झालं आणि त्याचा भाऊ मुम्मुणी याच्या काळात पुरं झालं, असं मानतात. मंदिरातल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हे साल आहे. या सालाची गंमत अशी की डॉ. भाऊ दाजींनी ते आधी ७८२ असं वाचलं होतं, म्हणजे मंदिर थेट दोनशे वर्षांनी म्हातारं झालं होतं. पुढे भगवानलाल इंद्रजींनी तो आकडा दुरुस्त केला. एका झिजलेल्या अंकावर दोन शतकं अवलंबून होती.

शैलीला भूमिज म्हणतात. माळव्याकडे ती जास्त दिसते, कोकणात विरळा. शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या उभ्या माळा रचत नेतात. इथलं शिखर पडलेलं असलं तरी शिल्लक भागावरून ती रचना कळते. दगड मात्र इथलाच, सह्याद्रीचा काळा पत्थर. १८६८ साली मुंबई सरकारनं जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांकडून या मंदिराची चित्रं आणि मूर्तींचे साचे करून घेतले होते. फोटो काढणं सोपं नसलेल्या काळात पावसानं झिजत चाललेल्या भिंतींची ही नोंद होती. आज भिंतीवरचे काही चेहरे इतके पुसट झालेत की तेव्हा कोणी हा उद्योग केला ते बरं झालं, असं वाटतं.

व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड दरवर्षी महाशिवरात्रीला फिरतो, की हे मंदिर युनेस्कोच्या यादीत आहे. जागतिक वारसा यादीत ते नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचं ते संरक्षित स्मारक आहे, आणि तेवढं पुरेसं आहे. युनेस्कोचं नाव घेतल्याशिवाय आपल्याला आपल्या गावातलं काही मोठं वाटत नाही, हा आपला प्रश्न.

मंदिराला लागून वालधुनी वाहते. शिलाहारांच्या कारागिरांनी जागा निवडली तेव्हा नदीचं पाणी हे एक कारण असणारच. आता तिथे उभं राहिलं की नदीकडे पाठ करून फोटो काढावा लागतो.

राब, कात आणि लोखंडी रस्ता

१८५३ ला मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली हे शाळेत पाठ होतं. त्यानंतर १८५४ मध्ये ती कल्याणला पोचली, आणि १८५६ मध्ये कल्याणपासून खोपोलीपर्यंत रूळ गेले. अंबरनाथ-बदलापूरवरून गाडी धावायला लागली ती तेव्हा. बोरघाट चढून पुण्याला जायचं होतं, ही गावं फक्त वाटेत होती. वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं काकोळ्याला, वालधुनीच्या उगमाशीच, धरण बांधलं. लोक अजूनही त्याला जीआयपी टँक म्हणतात. इंजिनं गेली, पण धरण रेल्वेकडेच राहिलं, आणि आता त्याच परिसरात रेल नीरचा बाटलीबंद पाण्याचा कारखाना आहे. म्हणजे स्टेशनवर घेतलेल्या बाटलीतलं पाणी आणि नाक मुरडायला लावणारं ते काळं पाणी, दोन्हींचा डोंगर एकच.

रेल्वेबरोबर जंगलाचाही भाव बदलला. स्लीपर, इमारती लाकूड, मुंबईच्या चुलींचा कोळसा, सगळ्यासाठी ठाणे जिल्ह्याच्या जंगलावर नजर होती. १८७८ च्या वन कायद्यानं राखीव जंगलं आखायला सुरुवात झाली आणि इथल्या शेतकऱ्याची एक जुनी रीत सरकारला खटकू लागली. ती रीत म्हणजे राब.

शहरात वाढलेल्यांसाठी सांगायला हवं. कोकणात भात आधी छोट्या तुकड्यात पेरतात आणि रोप वाढलं की ते उपटून मोठ्या शेतात लावतात. त्या छोट्या तुकड्याची जमीन उन्हाळ्यात भाजून घ्यायची असते. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत असे थर लावायचे, वर माती टाकायची आणि पेटवायचं. तण आणि किडीचा नाश होतो, राखेचं खत मिळतं. यासाठी दरवर्षी झाडांच्या फांद्या छाटाव्या लागतात. वन खात्याच्या लेखी ती जंगलाची नासधूस होती. शेतकऱ्याच्या लेखी फांदी नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर भात नाही.

तक्रारी इतक्या वाढल्या की ठाण्यात त्यासाठी एक संघटना उभी राहिली आणि मुंबई सरकारला ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतल्या गाऱ्हाण्यांसाठी आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. दीडशे वर्षांपूर्वीची ही भांडणं वाचायला कंटाळवाणी वाटतात. पण झाड कुणाचं, फांदी कुणाची आणि ती कधी तोडायची, हेच प्रश्न आदिवासी पाड्यांवर २००६ च्या वनहक्क कायद्याचे दावे भरताना आजही विचारले जातात.

पाड्यांवर मुख्यतः ठाकूर आणि कातकरी. कातकरी हे नावच कातावरून आलं. खैराच्या लाकडाचे तुकडे उकळून कात काढायचा, हा त्यांचा धंदा. आपण विड्याला लाल रंग देणारा जो कात म्हणतो, तोच. जंगल राखीव झालं आणि खैर हाताबाहेर गेला, तसे हे लोक कोळशाच्या भट्ट्यांकडे, मग वीटभट्ट्यांकडे गेले. बदलापूर-वांगणीच्या बाजूला दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात आणि उचल घेतलेली कुटुंबं पावसापर्यंत तिथेच राहतात. या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या विटा कुणी थापल्या, याचा उल्लेख कुठल्याही ब्रोशरमध्ये नसतो.

अंबरनाथला कारखानदारी आली तीही जंगलाच्या आधारानंच म्हणायची. १९२० च्या दशकात विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना इथे उभा राहिला. कारखाना बंद झाला, तरी विम्को नाका हे नाव रिक्षावाल्यांच्या तोंडी आहे. स्वातंत्र्यानंतर शस्त्रास्त्रं बनवणारा आयुध निर्माणी कारखाना आला, पुढे औद्योगिक वसाहत आली. त्या काळच्या अंबरनाथला अनेकांच्या आजोबांना नोकरी आणि क्वार्टर दोन्ही मिळालं, हेही लिहायला हवं.

बदलापूरचं मात्र बराच काळ काही बदललं नाही. नावाबद्दल सांगतात की शिवरायांच्या सैन्याचे घोडे इथे बदलले जायचे म्हणून बदलापूर. गोष्ट छान आहे, पुरावा मागू नये. जुनं बदलापूर गाव स्टेशनपासून लांब, पश्चिमेला उल्हासच्या बाजूला आहे, आणि स्टेशनाजवळचं ते कुळगाव. मे १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर इथे शिवजयंतीच्या उत्सवाला अध्यक्ष म्हणून आले होते. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. या शहराच्या इतिहासातली ही एक मोठी तारीख आहे आणि इथे नव्यानं राहायला आलेल्या बहुतेकांना ती माहीत नसते.

कॅम्प नंबर किती?

उल्हासनगरात पत्ता विचारलात तर उत्तर नंबरात येतं. कॅम्प एक, कॅम्प चार, कॅम्प पाच. हे नंबर लष्करानं दिलेले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी मोठी छावणी उभारली गेली होती. लांबलचक बराकी, मध्ये मोकळी मैदानं. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या, आणि लगेच फाळणी झाली.

सिंधमधून निघालेले हिंदू सिंधी बरेचसे कराचीहून बोटीनं मुंबईला उतरले आणि तिथून गाड्यांनी कल्याणच्या या कॅम्पांत आणले गेले. सुमारे लाखभर माणसं. एका बराकीत अनेक कुटुंबं आणि मध्ये गोणपाटाचे पडदे. मागे हवेल्या आणि दुकानं सोडून आलेले लोक लोकलच्या डब्यात पापड, गोळ्या-बिस्किटं विकू लागले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं, उल्हास नदीवरून. सिंधू नदीच्या काठची माणसं, ज्यांचा देव झुलेलाल हा पाण्याचा देव, त्यांना नवीन ओळख म्हणून दुसऱ्या एका नदीचं नाव मिळालं. ठरवून झालं की योगायोग, कोण जाणे, पण चांगलं झालं.

पुढची गोष्ट महाराष्ट्राला विनोदातून माहीत आहे. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा तो विनोद. नक्कल मालाचं गाव, असं हसत हसत म्हटलं गेलं. त्या हसण्यामागे आपलाही थोडा आळस आहे. ज्यांना सरकारनं बराकीचा एक तुकडा दिला, त्यांनी त्याच तुकड्यात कारखाना, दुकान आणि घर एकावर एक रचलं. जेमतेम १३ चौरस किलोमीटरचं हे शहर, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांवर. जागा वाढत नव्हती म्हणून मजले वाढले, परवानग्या मागे राहिल्या, आणि २००६ मध्ये या एका शहरातली बेकायदा बांधकामं नियमित करण्यासाठी राज्याला खास कायदा करावा लागला.

पण छावणीच्या गोष्टीत निर्वासितांच्या आधीचाही एक माणूस आहे, आणि तो बहुतेक लेखांतून सुटतो. ज्याची जमीन लष्करासाठी गेली तो. मलंगगडाच्या पायथ्याकडे, अंबरनाथ तालुक्यातल्या नेवाळी परिसरात, याच युद्धात धावपट्टीसाठी शेतजमिनी घेतल्या गेल्या. युद्ध संपल्यावर शेतकरी पुन्हा त्याच जमिनी कसू लागले, कागद मात्र सरकारकडेच राहिले. दोन-तीन पिढ्या अशाच गेल्या. जून २०१७ मध्ये नौदलाच्या ताब्यातल्या या जमिनीला कुंपण घालायचं काम चालू असताना आंदोलन पेटलं. रस्ते अडवले गेले, पोलिसांच्या गाड्या जळल्या, गोळीबारात माणसं जखमी झाली. टीव्हीवर ती दोन दिवसांची बातमी होती. त्या गावांत ती पंच्याहत्तर वर्षांची होती.

पाणी इथलं, नळ कुणाचा?

बदलापूरजवळचं बारवी धरण १९७२ मध्ये बांधलं गेलं, तेही पाटबंधारे खात्यानं नाही, औद्योगिक विकास महामंडळानं. मुळात पाणी हवं होतं कारखान्यांना. मग शहरं वाढली आणि ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर अशा सगळ्यांचा नळ थोडाफार बारवीला जोडला गेला. बारवीचं पाणी नदीतून उल्हासमध्ये येतं आणि जांभूळ गावाजवळ उचलून शुद्ध करून पुढे पाठवलं जातं. धरणाची उंची टप्प्याटप्प्यानं वाढवली गेली. शेवटच्या वाढीनंतर २०१९ च्या पावसाळ्यात ते नव्या उंचीपर्यंत भरलं, साठा सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर झाला, आणि काठावरचे पाडे, वस्त्या पाण्याखाली गेल्या. विस्थापितांना नोकऱ्या द्यायचं ठरलं होतं, त्यासाठी पुढेही पाठपुरावा चालू राहिला. मुंबईच्या आसपास राहून सकाळी नळ सोडणाऱ्या कितीजणांना आपल्या पाण्याचं हे गाव माहीत असेल?

खुद्द बदलापूरची वाढ बघा. २००१ मध्ये लाखाच्या आत असलेली लोकसंख्या दहा वर्षांत पावणेदोन लाखांच्या घरात गेली. भातशेती होती तिथे, उल्हासच्या पूररेषेच्या आतही, इमारती उभ्या राहिल्या. नदी आपली जुनी जागा विसरत नाही. २६ जुलै २००५ ला तिनं ते दाखवलं, आणि बरोबर चौदा वर्षांनी पुन्हा. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ पुराच्या पाण्यात अडकली. गाडीत सुमारे १०५० प्रवासी, त्यात नऊ गर्भवती. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि नौदलानं बोटी लावून सगळ्यांना बाहेर काढलं. आसपासच्या गावकऱ्यांनी मदत केली. १८५६ मध्ये घातलेला लोहमार्ग याच खोऱ्यातून, नदीच्या शेजारून जातो, हे त्या दिवशी सगळ्या देशानं पाहिलं.

वालधुनीचं दुखणं वेगळं. तिच्यात पूर कमी आणि विष जास्त. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरच्या वडोलगाव भागात रात्री कुणीतरी टँकरमधली रासायनिक घाण नदीत सोडली आणि झोपेत असलेल्या शेकडो लोकांना श्वास घेता येईना. रुग्णालयं भरून गेली. ‘वनशक्ती’ ही संस्था उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादात घेऊन गेली. कॅम्प पाचच्या बाजूचे जीन्स धुण्याचे कारखाने नंतर बंद करावे लागले. त्यातले काही आजूबाजूच्या गावांत सरकले, आणि निळं पाणी त्यांच्याबरोबर गेलं. निळ्या पाण्याला जबाबदार कोण, याचं उत्तर देताना अंगातल्या जीन्सकडेही एकदा पाहावं.

जायचं असेल तर

मंदिर बघायचं तर महाशिवरात्र टाळा. जत्रेला लाखो लोक येतात आणि भिंत दिसतच नाही. हिवाळ्यातली सकाळ चांगली. दुपारचं जेवण उल्हासनगरला घ्या. दाल पकवान सकाळीच संपतो, कोकी मिळते. मलंगगड आणि चंदेरी हे दोन्ही डोंगर ट्रेकवाल्यांचे आवडते, पण चंदेरीची शेवटची वाट अवघड आहे, वाटाड्या घेतलेला बरा. पावसाळ्यात कोंडेश्वरच्या धबधब्यावर प्रशासन बंदी घालतं ती हौसेखातर नाही. तिथे दर वर्षी पोरं बुडतात.

जंगल उरलंय का, असं कुणी विचारतं. उरलंय. बारवीच्या भोवती साग, ऐन, खैर अजून आहे. जानेवारी २०१९ मध्ये तर उल्हासनगरच्या भर वस्तीत बिबट्या शिरला होता, वन खात्यानं त्याला पकडून नेलं. राज्यातल्या सगळ्यात दाट शहरांपैकी एकात बिबट्या चालत येऊ शकतो, एवढं जंगल जवळ आहे.

आणि जूनच्या तोंडावर आलात तर बदलापूर स्टेशनच्या बाहेर पाड्यांवरून आलेल्या बायका पानांच्या द्रोणात जांभळं घेऊन बसलेल्या असतात. बदलापूरच्या जांभळाला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालं. झाडं मात्र बरीचशी शेतांच्या बांधावरची आणि माळावरची, आणि प्लॉट पडला की पहिला बांध जातो. हंगाम लहान असतो, मोठा पाऊस झाला की फळ गळून चिखल होतो. तेव्हा लवकर जा, आणि भाव करत बसू नका.